इमारतीचं वय एकच नसतं: जुन्या शहरातल्या पायी टूरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कुठल्याही शहराचा जुना मध्यभाग बघायचा तर गाडीतून नाही, पायी बघा, आणि पहिल्या दिवशी एखादा माहीतगार गाइड बरोबर घ्या. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखे होते म्हणून त्यातले सात निवडलेत. काहींना लांबलचक उत्तर दिलंय आणि काहींना दोन ओळींचं, कारण काही प्रश्नांना तेवढंच उत्तर पुरतं.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेशात चाललोय. प्रत्येक शहरात "हिस्टॉरिक सेंटर वॉकिंग टूर" असते, दोन-अडीच तासांची. फोनवर सगळी माहिती मिळतेच, मग गाइडच्या मागे मागे फिरायची गरज आहे का? आणि घ्यायचीच तर कुठली घ्यायची?

फोन असू द्या, पण प्रत्येक शहरात निदान एकदा गाइड घ्याच. फोन आपण विचारू तेवढंच सांगतो, आणि नव्या शहरात मुळात काय विचारायचं तेच आपल्याला ठाऊक नसतं ना. रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळ बघा. समोर उभं राहिलं की कपाळपट्टीवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं की हे मार्कुस अग्रिप्पानं, तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, बांधलं. अ‍ॅपवर भाषांतर केलं की एवढंच कळतं आणि आपण खुश होऊन पुढे निघतो. पण अग्रिप्पाचं मूळ देऊळ जळून गेलं, त्या जागी केलेलं पुढचंही जळलं, आणि आपण आज ज्याच्या आत जातो ते त्याच्यानंतर साधारण दीडशे वर्षांनी, सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. 125 च्या आसपास पूर्ण झालं. हेड्रियननं वर स्वतःचं नाव न घालता जुन्या माणसाचं नाव ठेवलं. हे समजलं ते विटांमुळे! रोमन वीटभट्टीवाले विटांवर शिक्के मारायचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भिंतीतल्या विटांचे शिक्के तपासले तेव्हा ते हेड्रियनच्या काळातले निघाले. मग इ.स. 609 मध्ये त्याचं चर्च झालं आणि म्हणून त्याची देखभाल होत राहिली, आजूबाजूची कितीतरी देवळं दगडांसाठी मोडली गेली पण हे टिकलं. म्हणजे एकाच बिल्डिंगला किती तारखा झाल्या बघा. चांगला गाइड तुम्हाला त्या सगळ्या तारखा भिंतीकडे बोट दाखवून सांगतो.

मला तर वाटतं पूर्ण टूरमधून शिकायची एकच गोष्ट असेल तर ती हीच, की जुन्या इमारतीचं वय एकच नसतं. पाया एका काळातला, भिंत दुसऱ्या, छप्पर तिसऱ्या आणि रंग परवाचा. "ही किती जुनी?" असं विचारण्यापेक्षा "यातलं कुठलं कधीचं?" असं विचारलंत की गाइडचा चेहरासुद्धा खुलतो, कारण त्याला कळतं समोरच्याला खरंच ऐकायचंय.

आता निवड. टूरच्या वर्णनात दोन तासांत पंधरा-वीस ठिकाणं लिहिली असतील तर सोडून द्या, तिथे फक्त नावं ऐकायला मिळतील. सहा-सात इमारती असतील तर प्रत्येकीपुढे दहा-पंधरा मिनिटं उभं राहता येतं, तेवढं लागतंच. ग्रुप लहान हवा. व्हेनिसनं तर 2024 पासून नियमच केलाय की एका गाइडबरोबर 25 पेक्षा जास्त माणसं नकोत आणि लाउडस्पीकरही नको, गल्ल्या अरुंद आहेत आणि तिथे माणसं राहतात म्हणून. माझ्या मते 25 सुद्धा जास्तच, पंधरापर्यंत असेल तर प्रश्न विचारता येतात. अजून एक बघा, आत जाणार आहेत की बाहेरूनच दाखवणार. बऱ्याच देशांत ऐतिहासिक वास्तूंच्या आत माहिती द्यायला लायसन्स असलेलाच गाइड लागतो, त्यामुळे स्वस्तातल्या टूर दारापर्यंत नेतात आणि आत तुमचं तुम्ही बघा म्हणतात. हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड होत नाही.

प्रश्न: प्रागमध्ये गाइडनं सांगितलं की टाउन हॉलवरचं घड्याळ बनवणाऱ्या कारागिराचे डोळे फोडले, दुसरीकडे त्यानं तसं घड्याळ बनवू नये म्हणून. पुढे ब्रसेल्सला दुसऱ्या गाइडनं सांगितलं की टाउन हॉलचा मनोरा मध्यावर आला नाही हे बघून आर्किटेक्टनं त्याच मनोऱ्यावरून उडी मारली. ऐकायला मस्त वाटलं पण घरी आल्यावर मुलगा म्हणाला सगळ्या थापा आहेत. खरं काय?

मुलाचं बरोबर आहे, पण गाइडवर लगेच रागावू नका.

प्रागचं घड्याळ 1410 चं, ते बनवणारा कादान गावचा मिकुलाश नावाचा घड्याळजी. गोष्टीत ज्याचे डोळे जातात तो हानुश नावाचा माणूस आहे, त्याला पुढे कितीतरी वर्षं मूळ कर्ता समजत होते आणि ती दंतकथा त्याच्याभोवती वाढली. कारागिराला आंधळं केल्याची गोष्ट मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चबद्दलही सांगतात, आणि आपल्याला तर ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, तिलाही काही पुरावा नाही. लोकांना काहीतरी अफाट सुंदर दिसलं की ते पुन्हा का झालं नाही याचं कारण हवं असतं, आणि मग अशी गोष्ट तयार होते. त्यामुळे एकच गोष्ट तीन देशांत तीन इमारतींबद्दल ऐकू आली की समजायचं, ही दंतकथा आहे.

ब्रसेल्सचं तर खरं उत्तर गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार आहे असं मला मनापासून वाटतं. त्या टाउन हॉलचा डावीकडचा भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, उजवीकडचा भाग 1444 ला सुरू झाला आणि तो लांबीला कमी आहे, आणि उंच मनोरा 1455 ला यान फान राउसब्रुक यानं पुरा केला. म्हणजे समोरून जी एक इमारत वाटते ती तीन टप्प्यांत, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी ठरवलेली आहे. तिथे उभं राहून दोन्ही बाजूंच्या कमानी मोजायला लावा गाइडला, डावी-उजवी सारखी नाही हे स्वतः बघता येतं, कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

आणि त्याच चौकात फिरताना एक लक्षात घ्या, टाउन हॉल मध्ययुगातला असला तरी भोवतीची सोनेरी नक्षीची घरं तशी नाहीत. ऑगस्ट 1695 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्यानं शहरावर तोफा डागल्या, चौकातली जवळपास सगळी घरं गेली, टाउन हॉल आतून जळला पण दगडी सांगाडा आणि मनोरा उभा राहिला. मग व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांनी अवघ्या काही वर्षांत आपापली घरं पुन्हा उभी केली, आधीपेक्षा भपकेबाज. बऱ्याच घरांवर सोळाशे नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं कोरलेली दिसतात ती त्यामुळे. टाउन हॉलच्या समोरची ती बारीक नक्षीकामाची इमारत, जी बघून सगळ्यांना सगळ्यात जुनी वाटते, ती आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधलेली आहे. माझा अनुभव असा की ही माहिती दिली की लोक त्या उडीच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ थांबून बघतात.

गाइडनं दंतकथा सांगावी, जरूर सांगावी, ती पण शहराचा भाग आहे. फक्त "असं सांगतात" म्हणून सांगावी. तुम्ही शांतपणे विचारा, "याचा काही कागद आहे का हो?" चांगला गाइड लगेच खरं सांगतो.

प्रश्न: आम्ही पोलंडमधल्या वॉर्सॉचं ओल्ड टाउन बघायला मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. टूर अर्धी झाल्यावर कळलं की ते सगळं दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा बांधलेलं आहे, म्हणजे नकलीच की! फसवल्यासारखं वाटलं. जुनं म्हणून नवं दाखवणं बरोबर आहे का?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमची चिडचिड मला समजते आणि तरी तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आधी काय झालं ते बघू. 1944 मध्ये वॉर्सॉच्या लोकांनी जर्मन ताब्याविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मन सैन्यानं शहर ठरवून, एकेक रस्ता घेऊन उद्ध्वस्त केलं. जुन्या भागाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला. हे लढाईतलं नुकसान नव्हतं फक्त, एका देशाची ओळखच पुसायची होती. युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांपुढे मोकळं मैदान होतं, हवं ते नवं बांधता आलं असतं. त्यांनी ठरवलं की आपलं होतं तेच परत हवं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी युद्धाआधी मोजमापं घेऊन काढलेली रेखाटनं लपवून वाचवलेली होती, ती बाहेर काढली. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या दरबारी चित्रकारानं शहराचे रस्ते आणि दर्शनी भाग बारकाईनं रंगवून ठेवले होते, ती चित्रं नकाशासारखी वापरली. ढिगाऱ्यातून निघालेल्या विटा आणि कोरीव तुकडे परत भिंतीत बसवले. 1953 ला बाजारचौक उभा राहिला, राजवाडा तर अजून उशिरा, सत्तर-ऐंशीच्या दशकात झाला. आणि 1980 ला युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतलं ते जुनं आहे असं समजून नाही, तर पुन्हा बांधण्याचं इतकं मोठं आणि काटेकोर काम म्हणूनच घेतलं. आता सांगा, हे नकली कसं?

फसवणूक कुठे झाली तर ती तुमच्या टूरमध्ये झाली, अर्धी टूर होईपर्यंत हे सांगितलं नाही तिथे. ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवी होती, कारण ती माहीत असली की प्रत्येक भिंत वेगळी दिसते.

आणि ज्यांना आपण "अस्सल" म्हणून डोक्यावर घेतो त्यांचं पण बघा ना. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला उंच विटांचा मनोरा 14 जुलै 1902 ला सकाळी अख्खा कोसळला, सुदैवानं माणूस एकही दगावला नाही, आणि "होता तसाच, होता तिथेच" असं ठरवून 1912 ला परत उभा केला. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलचा, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचा, पाया 1296 चा, ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा घुमट 1420 ते 1436 मधला, पण ज्याच्यापुढे सगळे फोटो काढतात तो हिरव्या-गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचा दर्शनी भाग 1887 ला पुरा झाला! आधीचा अपुरा भाग 1587 ला काढून टाकला होता आणि मधली तीनशे वर्षं समोरची भिंत उघडीबोडकी होती. तिथून थोड्याच अंतरावरच्या मोठ्या चौकात मायकेलअँजेलोचा डेव्हिड उभा आहे तो कॉपी आहे, मूळ पुतळा 1873 लाच आत संग्रहालयात हलवला. जर्मनीतल्या कलोनचं कथीड्रल 1248 ला सुरू केलं आणि 1880 ला संपलं, मध्ये काही शतकं काम ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर क्रेन तशीच उभी होती. यातलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं म्हणणार?

माझी कसोटी वेगळी आहे. नवं बांधलेलं लपवलंय का? 1964 च्या व्हेनिस चार्टरमध्ये, ज्याला जुन्या वास्तूंच्या जतनाची मूळ सनद मानतात, त्यात स्पष्ट आहे की जिथून अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीनं थांबावं, आणि जे नवं घालाल ते जुन्याशी जुळावं पण ओळखूही यावं. याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते कोसळलं, कित्येक वर्षं दगडांचा ढीग तसाच ठेवला होता, मग नव्वदच्या दशकात काम सुरू होऊन 2005 ला पूर्ण झालं. ढिगातले वापरण्याजोगे जुने दगड शक्य तिथे मूळ जागी बसवले. ते काळे पडलेले आणि नवे दगड फिक्के, त्यामुळे आख्खी इमारत ठिपकेदार दिसते आणि लहान मूलसुद्धा सांगेल कुठला दगड कधीचा. तिथला वालुकाश्म काळाबरोबर आपोआप काळवंडतो, म्हणजे हा फरकही हळूहळू मिटत जाणार. आत्ता बघायला मिळतंय ते पुढच्या पिढ्यांना इतकं स्पष्ट दिसणार नाही.

परत गेलात वॉर्सॉला तर जाऊन बघा एकदा, या नजरेनं. मला खात्री आहे तुम्हाला वेगळं वाटेल.

प्रश्न: आईला गुडघ्याचा त्रास आहे, वय 72. दोन तासांची वॉक झेपेल का?

चालण्यापेक्षा उभं राहण्याचा त्रास जास्त होतो, हे आधी लक्षात घ्या. दोन तासांत अंतर दोन-तीन किलोमीटरच असतं पण थांबून ऐकणं खूप असतं. बुक करताना तीन गोष्टी विचारा: चढ आणि पायऱ्या किती, मध्ये बसायला जागा आहे का, टॉयलेट कुठे. जुन्या भागात गोट्या-गोट्या दगडांची फरसबंदी असते, त्यावर पातळ तळव्याची चप्पल अजिबात नको. हलकी घडीची स्टुलं मिळतात ती न्या. मनोऱ्यावर किंवा घुमटावर चढायचं असेल तर आईंना खाली बसवून तुम्ही जा, फ्लॉरेन्सच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. कानात लावायचे हेडसेट देणारी टूर मिळाली तर उत्तम, म्हणजे चार पावलं मागे सावलीत बसूनही गाइडचं ऐकू येतं.

प्रश्न: ताई, मला आर्किटेक्चरमधलं ओ की ठो कळत नाही. गाइड गॉथिक, बरोक, रेनेसान्स म्हणत जातात आणि मी मान डोलावत राहतो. आधी काही वाचून जाऊ का? नेमकं बघायचं काय?

वाचून जा, पण शैलींची नावं पाठ करू नका. नाव नंतर येतं, आधी डोळ्यांना सवय लागू द्या. कमानीपासून सुरुवात करा. अर्धगोल आणि जाड भिंतीत बसवलेली असेल तर बहुतेक वेळा जुनी रोमनेस्क (गॉथिकच्या आधीची शैली), टोकदार आणि उंच असेल तर गॉथिक, परत अर्धगोल पण मोजूनमापून, खांबांच्या रांगेत आणि सारख्या अंतरावर असेल तर रेनेसान्स किंवा त्यानंतरची. एवढ्यावर ढोबळमानानं खूप निभतं. फक्त एकोणिसाव्या शतकात लोकांनी या सगळ्या शैली परत हौसेनं वापरल्या हे विसरू नका, त्यामुळे टोकदार कमान दिसली म्हणजे मध्ययुग असं ठरवून टाकू नका. कोरीवकाम फारच धारदार आणि एकसारखं असेल तर शंका घ्या आणि विचारा.

मग भिंत बघा, मला स्वतःला भिंती बघायला फार आवडतं. इटलीत कित्येक जुन्या भिंतींवर ओळीनं चौकोनी भोकं दिसतात, लोकांना वाटतं ती गोळीबाराची किंवा कबुतरांसाठी आहेत. ती परांचीची भोकं आहेत, म्हणजे बांधकाम चालू असताना लाकडी वासे भिंतीत घुसवून त्यावर गवंडी उभे राहायचे, काम झाल्यावर वासे काढले आणि भोकं राहिली. वरती प्लास्टर किंवा संगमरवर लावायचा बेत असायचा तो पुष्कळदा पैशांअभावी राहून गेला. त्या भोकांच्या ओळी बघून मजूर एकेका टप्प्यात किती उंची बांधत होते याचा अंदाज येतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये विटांच्या भिंतीवर लोखंडाचे मोठे हूक किंवा एसच्या आकाराचे तुकडे दिसतात, ती नुसती सजावट नाही, आतल्या लाकडी तुळया भिंतीला बांधून ठेवणारे ते पकडीचे तुकडे आहेत, आणि काही मालकांनी ते अंकांच्या आकाराचे करून घेतले म्हणजे बांधकामाचं वर्षही भिंतीवर आलं.

अ‍ॅमस्टरडॅमची कालव्याकाठची घरं पुढे झुकलेली असतात आणि माथ्यावर हूक असलेली तुळई बाहेर आलेली असते. आतले जिने इतके अरुंद की सामान जिन्यानं जातच नाही, दोरानं बाहेरून वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं, घर पुढे झुकलेलं असलं की ओढताना सामान भिंतीला घासत नाही. (सगळीच घरं मुद्दाम झुकवलेली नाहीत हं, काही खालचे लाकडी खुंट खचल्यामुळे वाकलीत, बाजूला कललेलं घर दिसलं तर ते बहुधा त्यातलं.)

इंग्लंडमध्ये विटा घालून बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की गाइड सांगतो खिडक्यांवरचा कर चुकवायला बुजवल्या. कर होता हे शंभर टक्के खरं, 1696 ते 1851 पर्यंत होता. पण काही खिडक्या पहिल्यापासूनच आंधळ्या बांधल्यात, बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला त्या जागी चूल किंवा जिना असेल तर तिथे खिडकी कधी नव्हतीच.

बघा, यात शैलींची नावं पाठ न करता किती कळलं. टूरच्या आदल्या संध्याकाळी त्या चौकात एकदा नुसती चक्कर मारून या आणि तुम्हाला पडलेले तीन-चार प्रश्न कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी गाइडला तेच विचारा.

प्रश्न: आमची मुलं 9 आणि 12 वर्षांची. टूर म्हटलं की तोंड वाकडं करतात. त्यांना घेऊन जावं का हॉटेलवर ठेवावं?

घेऊन जा, पण हातात काम द्या. प्रागमध्ये 1770 पर्यंत घरांना नंबर नव्हते, घरं दारावरच्या चिन्हांनी ओळखायचे, आणि ती चिन्हं नेरुदोवा नावाच्या रस्त्यावर आजही दिसतात, दोन सूर्य, तीन व्हायोलिन वगैरे. मुलांना सांगा सगळी शोधा आणि कुठल्या घरात कोण राहत असेल ते ओळखा. तीन व्हायोलिनवाल्या घरात खरंच व्हायोलिन बनवणारे राहायचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॅम चौकातला राजवाडा, जो मुळात टाउन हॉल म्हणून बांधला होता, तो 13,659 लाकडी खुंटांवर उभा आहे, आणि तिथली शाळेतली मुलं हा आकडा लक्षात ठेवतात ती वर्षाचे दिवस 365, पुढे 1 आणि मागे 9 असं करून. तुमच्या मुलांना सांगा, आयुष्यभर विसरणार नाहीत. आणि दीड तासाच्या वरची टूर घेऊच नका त्यांच्याबरोबर.

प्रश्न: मी इतिहासाचा पदवीधर आहे. मला माझ्या शहराच्या जुन्या भागात स्वतः अशी वॉक सुरू करायची आहे. कुठून सुरुवात करू? कुणी बरोबर आलं नाही तर काय, अशी धास्ती वाटते.

अरे वा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. धास्ती ठेवू नका, आधी काम करा.

पहिले दोन-तीन महिने कुणालाही बोलावू नका. एक लहान पट्टा निवडा, किलोमीटर-दीड किलोमीटरचा, आणि त्यातल्या सहा-सात इमारती. प्रत्येकीसाठी एक वही. बांधली कधी, पैसे कुणी दिले, आधी त्या जागी काय होतं, दुरुस्ती किंवा बदल कधी झाला, आत आज कोण आहे. ही माहिती महानगरपालिकेचे जुने नकाशे, गॅझेटियर, जुने फोटो, मालकीचे कागद आणि तिथे राहणारी वयस्कर मंडळी यांच्याकडून मिळते, पण एकाच ठिकाणी मिळालेली तारीख कधीही पक्की धरू नका, दुसरीकडे जुळली तरच वापरा. कोनशिलेवर वर्ष असलं तरी ते पाया घातल्याचं की उद्घाटनाचं ते बघा, त्यात कधी कधी दहा-दहा वर्षांचा फरक असतो.

मग गोष्टीचा धागा शोधा. सहा इमारतींची सहा भाषणं केलीत तर लोक तिसऱ्या इमारतीपाशी घड्याळ बघायला लागतील. लिस्बनच्या बायशा भागातली वॉक कशी बांधता येते बघा: 1 नोव्हेंबर 1755 चा भूकंप, त्यानंतर त्सुनामी आणि आग, आणि मग सरळ रेषेतले नवे रस्ते आणि एकसारख्या दर्शनी भागांची घरं, भिंतींच्या आत भूकंपाचा धक्का सोसावा म्हणून घातलेला लाकडी पिंजरा, आणि वर टेकडीवर मुद्दाम तसंच ठेवलेलं कार्मो चर्च, ज्याला आजही छप्पर नाही. एकच घटना आणि सगळ्या इमारती तिची उत्तरं. तुमच्या भागात भूकंप नसेल झाला, पण आग, साथ, रेल्वे येणं, तटबंदी पाडणं, गिरणी बंद पडणं, काहीतरी असं असतंच ज्यानं आख्खा भाग बदलला.

उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा, हे कुणी शिकवत नाही पण निम्मी टूर यावरच चालते. लोकांच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीवर आणि इमारत उजेडात. रस्ता, दुकानाचं दार, कुणाच्या घराचा उंबरा अडवायचा नाही. तिथे राहणाऱ्यांना आधी भेटून सांगून ठेवा की मी महिन्यातून अमुक दिवशी लोकांना घेऊन येणार आहे. कुणाच्या खिडकीकडे बोट दाखवून बोलताय हे विसरू नका, आत माणसं जेवत असतात. देवस्थान किंवा सरकारी ऑफिसच्या आत जायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, तोंडी होकार ऐनवेळी फिरतो.

पहिल्या वॉकला ओळखीचे आठ-दहा जण पुरे, त्यांना म्हणावं जिथे कंटाळा आला तिथे खूण करा. लोकांना आकर्षून घ्यायचं तर एखादी एरवी बंद असलेली वास्तू उघडून द्यायला मालकांना राजी करा. लंडनमध्ये 1992 ला ओपन हाउस नावाचा उपक्रम सुरू झाला तो याच कल्पनेवर, ठरलेल्या दिवशी एरवी बंद असलेल्या इमारती लोकांना फुकट बघायला मिळतात, आणि आता जगभरातली कितीतरी शहरं तसं करतात. दाराच्या आत एक पाऊल टाकायला मिळणार म्हटलं की माणसं येतात, तुम्हाला बोलवावं लागणार नाही.

आणि शेवटचा थांबा असा निवडा की जिथे बसायला जागा आहे आणि जवळ बस किंवा रिक्षा मिळते. लोकांचे खरे प्रश्न टूर संपल्यावर येतात, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा आणि तेव्हा वही जवळ असू द्या, कारण त्यातल्याच कुणाच्या तरी आजोबांनी त्या इमारतीत काम केलेलं निघतं आणि तुम्हाला कुठल्याही कागदात न मिळालेली माहिती तिथे मिळते.